जिचा संदर्भ मी देत आले ती बाई

“मॅडम, राग मानू नका, पण तुमचं सगळं काम या एका बाईंच्या खांद्यावर उभं आहे,” असं बाहेरून आलेले तज्ज्ञ म्हणाले आणि त्यांनी टेबलावरचा कागद माझ्याकडं सरकवला. कागदावर एका नावाखाली लाल रेघ मारलेली होती. ते नाव माझं होतं.

म्हणजे लग्नाआधीचं, माहेरचं. ते वाचून माझं तोंड जे उघडं पडलं ते मिटेचना. तज्ज्ञांचं पुढं चालूच होतं. या बाई हुशार आहेत, यांचे पेपर पार ब्राझीलपर्यंतचे लोक वाचतात, तुम्ही जवळजवळ प्रत्येक पेपरात यांचाच आधार घेता, काही ठिकाणी तर यांची वाक्यंच्या वाक्यं उतरलीत. प्राचार्य नुकतेच बदली होऊन आलेले, तेही गंभीर चेहरा करून मान हलवत होते. शेवटी तज्ज्ञांनी विचारलं, या बाईंशी तुमचं कधी बोलणं होतं का?

मी म्हणाले, “रोज होतं.”

त्यांना वाटलं मी उद्धटपणा करतेय. मला खरंच दुसरं उत्तर सुचलं नव्हतं.

मुलाखत प्राध्यापकपदाची होती. मी कोल्हापुरात एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची उठाठेव करते. माझ्या मागून आलेले, माझ्याच हाताखाली प्रयोगवही लिहायला शिकलेले लोक केव्हाच प्राध्यापक होऊन बसले आणि मी आपली सहयोगी प्राध्यापक ती सहयोगीच. आता निवृत्ती तोंडावर आलेली. या खेपेला झालं तर झालं, नाहीतर पुन्हा अर्ज करायलाही मी नोकरीत नसणार. पगाराचं सोडा हो. आयुष्यभर नाल्यात हात घातलेल्या बाईला जाताना कुणीतरी म्हणावं की बाई, काम चांगलं केलंत, एवढीच माझी हौस होती.

पण आमच्यात असं तोंडानं कुणी म्हणत नाही, आकड्यानं म्हणतात. तुम्ही काय शोधलंत हे मागं राहतं, तुमच्या पेपराचा उल्लेख दुसऱ्या किती जणांनी आपल्या पेपरात केला हे बघतात. एकानं उल्लेख केला की एक संदर्भ तुमच्या नावावर. त्या संदर्भांवरून एच-इंडेक्स म्हणून एक आकडा काढतात. तुमचे दहा पेपर असे असतील की प्रत्येकाला निदान दहा संदर्भ मिळालेत, तर तुमचा आकडा दहा. बाकीच्या पेपरांना कुत्रं विचारत नसेल तर ते असून नसल्यासारखे. या पदाला जेवढा आकडा लागतो, त्याच्या बराच खाली माझा आकडा होता. आणि वर हे, की जे काही आहे तेही त्या दुसऱ्या बाईच्या जिवावर.

म्हणजे माझ्याच घरात मी चोरी केली. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

थोडं मागं जाते. माझं माहेर जयसिंगपूर. शिकत होते तेव्हा मी एसटीनं इचलकरंजीला जायची आणि कापड रंगवायच्या कारखान्यांच्या मागं वाहणारं पाणी बाटल्यांत भरून आणायची. तो नाला आज निळा असायचा, उद्या लाल. बाटल्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले की शेजारची बाई हमखास विचारायची, सरबत हाय व्हय? मी म्हणायची, व्हय, पण पिऊ नगासा. त्या पाण्यात मरून न जाता उलट रंग खाऊन जगणारा एखादा जंतू असणारच असं माझं म्हणणं होतं. मार्गदर्शक सर हसायचे. एका सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि आदल्या दिवशी कुंकवासारखं लाल असलेलं पाणी फ्लास्कात निवळशंख होऊन बसलेलं. मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की शिपाई झाडू घेऊन धावत आला, त्याला वाटलं साप निघाला.

त्या जंतूवर मी पाठोपाठ पेपर लिहिले. त्या पेपरांवर माझं नाव होतं, आईवडिलांनी ठेवलेलं, पुढं वडिलांचं नाव आणि आडनाव.

मग लग्न ठरलं आणि एक अडचण निघाली. माझ्या सासूबाईंचं आणि माझं नाव एकच. सासरकडच्या थोरल्यांनी सरळ सांगितलं, एका घरात एका नावाच्या दोघी चालायच्या नाहीत, सुनेला हाक मारली तर सासूनं ओ द्यायची काय? सगळे हसले, माझे वडीलही हसले. लग्नादिवशी परातीत तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं. मी मान तिरकी करून वाचलं तेव्हा मला कळलं की आता मी कोण आहे. मला कुणी विचारलं नव्हतं. आणि विचारायचं असतं हे मलाही त्या वयात माहीत नव्हतं.

तर असं माझं नाव गेलं, वडिलांचं मधलं नाव गेलं, आडनाव गेलं. आडनाव बदलणं समजू शकतं हो, पण माझ्यात पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत जुनं काही शिल्लकच ठेवलं नाही. पुढं कोल्हापुरात नोकरी लागली ती नव्या नावानं, पुढचे सगळे पेपर छापले ते नव्या नावानं. काम मात्र तेच, त्याच नाल्याचं आणि त्याच जंतूचं. म्हणून प्रत्येक पेपरात लिहावं लागायचं की हे आधी अमुक अमुक बाईंनी दाखवून दिलंय, आणि तिथं जुनं नाव. खरं सांगते, ते लिहिताना मला फार बरं वाटायचं. माहेरची माणसं एकेक करून गेली, त्या नावानं हाक मारणारं कुणी राहिलं नाही. ते नाव छापलेलं बघायची तेवढीच एक जागा उरली होती.

मुलाखतीत मी हे सगळं एका दमात सांगितलं. तज्ज्ञांनी चष्मा काढला आणि चक्क माफी मागितली. माणूस वाईट नव्हता, त्याच्यापुढं जे कागद आले ते त्यानं वाचले. माझ्या अर्जातले लग्नाआधीचे पेपर आमच्याच ऑफिसनं ‘नाव जुळत नाही’ म्हणून काढून टाकले होते, मला न विचारता. माझे नावबदलाचे जुने कागद ऑफिसातल्या ज्या कपाटात होते त्या कपाटात पुराचं पाणी शिरून सगळ्याचा लगदा झालेला. तेव्हा नवं प्रतिज्ञापत्र करा, दोन्ही नावांची बाई एकच आहे असं लिहा, सासरच्या एखाद्या थोरल्या माणसाची साक्ष घाला आणि आणून द्या, आम्ही थांबतो, असं ठरलं.

मी थेट ग्रंथालयात गेले. आमच्या ग्रंथपाल बाईंनी कॉम्प्युटर उघडला. पडद्यावर दोन बायका निघाल्या, एकीकडं ती, एकीकडं मी. दोघींचे पेपर वेगळे, दोघींचे संदर्भ वेगळे, यंत्रानं आमची वाटणी करून टाकलेली. ग्रंथपाल बाई मला म्हणाल्या, हे तुम्ही आजवर बघितलं नव्हतं? नव्हतं बघितलं. मी नाल्यात बघत होते. ग्रंथपाल बाईंनी दोघींची यादी एकत्र करून हिशेब मांडला आणि आकडा टुण्णकन वर गेला, पाहिजे होता त्याच्याही वर. आम्ही दोघींनी तिथंच एकमेकींचे हात धरले. शांतता राखा अशा पाटीखाली उभ्या राहून आम्ही हसत होतो.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, मग झालंच की, साक्षीला आई येईल. सासूबाईंना मी आत्ती म्हणते, आमच्याकडं तशी रीत आहे. आत्तीचं वय झालंय, पण कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. तिनं मला कधी नव्या नावानंही हाक मारली नाही, ‘अगं ए’ एवढ्यावरच संसार झाला. कोर्टाकडं जायचंय म्हटल्यावर तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं आणि कुणाला शिक्षा द्यायला चाललोय अशा थाटात रिक्षात बसली.

कोर्टाबाहेर झाडाखाली टायपिंगवाले बसतात, त्यातल्या एकाकडं गेलो. त्यानं मजकूर तयार केला आणि रिवाजाप्रमाणं मोठ्यानं वाचून दाखवला. लग्नापूर्वीचं नाव अमुक, लग्नानंतरचं नाव तमुक, या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे. खाली साक्षीदार म्हणून आत्तीचं नाव. आत्ती पुढं झुकून सगळं ऐकत होती. सही कुठं करायची ते मी बोटानं दाखवलं, तर तिनं पेन बाजूला ठेवलं.

“माझंबी घाला की ह्यात,” ती म्हणाली.

टायपिंगवाल्याला वाटलं म्हातारीला तिचं नाव कागदात दिसलं नाही. त्यानं दाखवलं, हे काय आजी, साक्षीदार म्हणून घातलंय.

“ह्ये न्हवं. माझं पयलं. आईबानं ठेवल्यालं.”

आमच्या मागून स्कूटरवर आलेला नवरा माझ्याशेजारी उभा होता. त्याच्या हातातली किल्ली वाजायची थांबली. आणि आत्तीनं एक नाव सांगितलं. गडहिंग्लजच्याही पलीकडं, जिथं लोक आईला अव्वा म्हणतात, तिकडच्या एका देवीचं नाव. आम्ही दोघांनीही ते जन्मात ऐकलं नव्हतं. तिच्या पोटच्या पोरानंही नाही.

मग तिनं ते सहज सांगून टाकलं, जसं काही आम्हाला ठाऊकच होतं. तिच्या सासूला कानडी नाव नको होतं, घरात जीभ वळत नाही म्हणून. तेव्हा लग्नात परातीत तांदूळ पसरले आणि दुसरं लिहिलं. जे लिहिलं ते हे, माझं माहेरचं.

मला तिथं बाकड्यावर बसावं लागलं. ज्या नावासाठी माझं नाव काढून घेतलं ते नाव तिचंही नव्हतंच! इतकी वर्षं मी मनात धरून बसले होते की या बाईनं आपलं नाव राखलं आणि माझं घालवलं. स्वयंपाकघरात तिच्याशी वाद झाला की मी भांडी आपटत हेच म्हणायची, मनातल्या मनात. आणि तिचं स्वतःचं नाव तर माझ्या आधीच तांदळात पुरलेलं होतं. मला रडू यायला लागलं आणि रागही आला. राग कुणावर काढायचा तेच कळेना.

टायपिंगवाला भला माणूस होता. त्यानं आत्तीला विचारलं, या नावाचा काही दाखला हाय का? नव्हता. त्या नावानं तुम्हाला ओळखणारं कुणी साक्षीला येईल का? आत्ती विचार करत बसली. भाऊ गेला, धाकटी बहीण गेली, शेजारच्या घरची मैत्रीण होती ती कुठं दिली तेच माहीत नाही.

“कोण न्हाई बाबा आता,” ती म्हणाली.

मग नाही घालता यायचं आजी, तो म्हणाला. ती बरं म्हणाली, पेन उचललं आणि माझ्या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली. मी एकच बाई आहे याला साक्ष होती, तिला नव्हती. रिक्षात मी काहीतरी बोलायला गेले तर तिनं बाहेर बघत म्हटलं की कांदं संपल्यात, वाटेत घ्यायचं.

प्रतिज्ञापत्र मी देऊन आले. काही दिवसांनी पुन्हा बोलावणं आलं. मी चांगली इस्त्रीची साडी नेसून गेले. तज्ज्ञांनी उठून नमस्कार केला, दोन्ही नावांची बाई एकच हे समितीनं मान्य केलंय म्हणाले. प्राचार्यांनी चहा मागवला. मी आभार मानायला तोंड उघडलं तेवढ्यात तज्ज्ञ म्हणाले, एक अडचण आहे.

अडचण अशी. माणसानं आपल्याच जुन्या कामाचा संदर्भ आपल्याच नव्या कामात दिला तर तो मोजत नाहीत. नियमच आहे तसा, आणि नियम मलाही पाठ होता. लोक स्वतःच्या नावाची टिमकी स्वतःच वाजवून आकडा फुगवतात म्हणून तो केला. आता ती बाई मीच म्हटल्यावर मी तिचे दिलेले सगळे संदर्भ माझे मीच मला दिलेले झाले. ते वजा केले. आकडा रेघेच्या खाली आला. फार नाही, एकानं.

मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय. जोवर ती परकी होती तोवर मी घेतलेलं तिचं नाव हे लोक हिशेबात धरत होते. ती मीच आहे हे कोर्टाच्या कागदावर सिद्ध केलं आणि त्याच क्षणी ते बाद. मी प्राचार्यांकडं बघितलं, ते चहाकडं बघत होते. मी विचारलं, अहो, मग मी दुसऱ्या कुणाचा संदर्भ द्यायला पाहिजे होता? त्या नाल्यात माझ्याशिवाय उतरलं होतं कोण? तज्ज्ञ हळू आवाजात म्हणाले, मॅडम, मला समजतंय, पण यंत्राला हे सांगता येत नाही. मी म्हणाले, यंत्राला नका सांगू, तुम्ही माणूस आहात, तुम्ही लिहा. त्यांनी मान खाली घातली. मला एवढा संताप आला होता की कप ठेवताना बशीत चहा सांडला. तो पुसायलाही मी थांबले नाही.

घरी आले तर आत्ती दारात खुर्ची टाकून मेथी निवडत बसली होती. माझं तोंड बघूनच तिनं ओळखलं. न्हाई दिलं व्हय, असं विचारलं. मी तिच्यापुढं पायरीवर बसले आणि तिला समजेल असं सांगायला लागले, की आत्ती, माझ्या जुन्या कामाचं नाव मी माझ्या नव्या कामात घेतलं, ते चालत नाही म्हणे. माझी आरती मीच ओवाळली असं झालं म्हणे.

आत्तीनं काडी मोडली, पानं वेगळी टाकली.

“मग दुसरं कोण ववाळणार हुतं?” ती म्हणाली.

मी तिच्या परातीतली मेथी ओढून घेतली आणि दोघींनी मिळून निवडून संपवली. नंतर मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि भाकरीचं पीठ काढलं. प्राध्यापक व्हायचं राहिलं ते राहिलंच. उद्या वर्गावर जायचं होतं, मुलांची प्रात्यक्षिकं जवळ आली होती.

नवरा आला तेव्हा माझे हात पिठात होते. पुढच्या खोलीत तो आत्तीशी काहीतरी बोलला, मग बूट काढायचा आवाज आला. आणि मग आत्तीनं हाक मारली. खणखणीत आवाजात, गल्लीला ऐकू जाईल अशी. ‘अगं ए’ नव्हे. तिनं नाव घेतलं. पेपरांवर छापलेलं, लाल रेघ मारलेलं, माझं नाव. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

नवरा घाबरून आत आला. त्याच्या एका पायात अजून बूट होता. “आईला काय झालंय बघ,” तो म्हणाला, “स्वतःलाच हाका मारतीया.”

मी तोवर ओ दिली होती.